इंटर्नशिपमध्ये ऐकलेलं प्रबंधात वापरता येतं का?

पीएचडीच्या अर्जाची तयारी करणाऱ्या दोघा-तिघांनी गेल्या महिन्यात जवळपास एकच प्रश्न विचारला. एखाद्या संस्थेत इंटर्नशिप केली, तर तिथे भेटलेल्या माणसांच्या गोष्टी पुढे प्रबंधात वापरता येतात ना? यामागचा हिशोब मला चांगला कळतो. तीन महिने संस्थेला मदत करायची आणि त्या बदल्यात फील्ड मिळवायचं. ओळखी होतात, माणसं बोलती होतात, आणि परत आल्यावर लिहायला काहीतरी हातात असतं.

माझं उत्तर 'नाही' असं आहे. पण एथिक्स कमिटी परवानगी देणार नाही एवढंच त्याचं कारण असतं तर हा लेख चार ओळींत संपला असता. कमिटीच्या आधीचा एक प्रश्न आहे, तो पद्धतीचा आहे, आणि तो मला इंटर्नशिपमध्येच नीट कळला: तुम्ही जे ऐकता ते 'डेटा' म्हणून नेमकं काय असतं?

मी २०२३ च्या उन्हाळ्यात ह्यूस्टनमधल्या एका कायदेशीर मदत करणाऱ्या टीमबरोबर होते. आईवडिलांशिवाय अमेरिकेची सीमा ओलांडून आलेल्या मुलांच्या केसेस ही टीम बघते. संस्थेचं नाव देत नाही. आणि आधीच सांगते, या लेखात एकाही मुलाची गोष्ट येणार नाही. नाव बदलून, देश बदलून किंवा तीन मुलांची मिळून एक करूनसुद्धा नाही. का, ते पुढे येईलच.

आधी 'एकटं मूल' म्हणजे कोण ते बघू, कारण गंमत तिथूनच सुरू होते. आपल्या डोळ्यांसमोर एकटाच चालत आलेला दहा-बारा वर्षांचा मुलगा येतो. कायद्यातली व्याख्या वेगळी आहे. २००२ च्या होमलँड सिक्युरिटी ॲक्टनुसार तीन अटी लागतात: वय १८ च्या आत, देशात राहण्याचा कायदेशीर परवाना नाही, आणि सांभाळायला तयार असलेले आई, वडील किंवा कायदेशीर पालक अमेरिकेत उपलब्ध नाहीत. म्हणजे आजीचं बोट धरून आलेली पाच वर्षांची मुलगीही 'एकटी' ठरते, कारण आजी ही कायदेशीर पालक नाही. मावशी, काका, विशीतला थोरला भाऊ यांचंही तेच. सीमेवर आजीला एकीकडे नेतात आणि नातीला दुसरीकडे. २०१८ मध्ये तर आईवडिलांबरोबर आलेल्या मुलांनाही पालकांपासून तोडलं गेलं आणि मग ती कागदावर 'एकटी' झाली.

तेव्हा '२०२२ च्या आर्थिक वर्षात १,२८,९०४ एकटी मुलं सरकारच्या देखरेखीत आली' असा आकडा तुम्ही वाचता, तेव्हा इतकी मुलं एकटी प्रवास करत होती असा त्याचा अर्थ होत नाही. इतक्या मुलांवर सीमेवर तो शिक्का बसला, एवढाच अर्थ होतो. बहुतेकांचं कुणी ना कुणी बरोबर असतं किंवा अमेरिकेत वाट बघत असतं. स्थलांतरावरचे अनेक चांगले निबंधही हा फरक पहिल्या पानावर सांगून दुसऱ्या पानावर विसरतात.

आता रस्ता बघू. सीमेवरची पोलीस यंत्रणा मुलाला ताब्यात घेते. २००८ च्या मानवी तस्करीविरोधी कायद्याप्रमाणे, अपवादात्मक परिस्थिती सोडली तर, ७२ तासांच्या आत मुलाला आरोग्य खात्याखालच्या 'ऑफिस ऑफ रेफ्युजी रिसेटलमेंट' या कार्यालयाकडे सोपवावं लागतं. लोक त्याला नुसतं ओआरआर म्हणतात. मेक्सिको आणि कॅनडाच्या मुलांसाठी नियम वेगळा आहे. त्यांची चौकशी सीमेवरच होते आणि बऱ्याच जणांना तिथूनच परत पाठवतात. बाकीची मुलं, ज्यांत २०२२ मध्ये निम्म्याच्या जवळपास ग्वाटेमालाची होती, ओआरआरच्या पैशावर चालणाऱ्या शेल्टरमध्ये जातात. तिथे केस मॅनेजर नातेवाईक शोधतो, त्याची तपासणी करतो आणि मुलाला त्याच्याकडे सोपवतो. या नातेवाइकाला 'स्पॉन्सर' म्हणतात. इमिग्रेशन कोर्टातली केस मात्र समांतर चालूच राहते.

नातेवाइकाकडे सोडायचं ही गोष्टही सहज आलेली नाही. १९८५ मध्ये जेनी फ्लोरेस ही एल साल्वादोरची १५ वर्षांची मुलगी कॅलिफोर्नियात पकडली गेली. तिला घ्यायला मावशी तयार होती, पण आईवडील किंवा कायदेशीर पालक सोडून कुणाकडे देणार नाही असं सरकार म्हणालं. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९३ मध्ये तिथे सरकार जिंकलं, तरी वाद संपला नाही, आणि १९९७ मध्ये तडजोड झाली. मुलांना कमीत कमी बंधनात ठेवायचं आणि विनाकारण उशीर न करता सोडायचं ही तत्त्वं त्या तडजोडीतून आली. तुम्ही या विषयात शिरणार असाल तर 'फ्लोरेस' हा शब्द दर दहा मिनिटांनी ऐकाल.

मग या रस्त्यावर मूल किती जणांना आपली गोष्ट सांगतं? सीमेवरचा अधिकारी विचारतो. शेल्टरमध्ये पोचल्यावर पहिल्या दिवशी नोंद करणारी व्यक्ती विचारते. मग डॉक्टर. मग केस मॅनेजर, तोही एकदा नाही. मग समुपदेशक. मग कायदेशीर टीम येते, आधी सगळ्यांना मिळून हक्कांची माहिती देते आणि नंतर एकेकाला बसवून विचारते. केस उभी राहिली तर वकील पुन्हा सविस्तर विचारतात. पुढे आश्रय अधिकारी. शेवटी न्यायाधीश, आणि तिथे समोर सरकारचा वकीलही असतो. हे मोजताना मी दुभाष्यांना धरलेलं नाही.

यातला प्रत्येक जण वेगळ्या कारणासाठी विचारतो, आणि म्हणून प्रत्येकाच्या फायलीत वेगळी गोष्ट जमा होते. माझ्या मते शोधप्रबंध करणाऱ्याने इथे सगळ्यात जास्त थांबायला हवं.

सीमेवरचा 'आय-२१३' हा फॉर्म घ्या. त्यात पकडल्याची जागा, वेळ, प्रवासाचा मार्ग आणि देशात येण्याचा उद्देश असतो. उद्देशापुढे बहुतेक वेळा एक ओळ असते: काम करायला, किंवा नातेवाइकाकडे राहायला. दमलेल्या, भिजलेल्या, गणवेशाला घाबरणाऱ्या मुलाकडून दहा मिनिटांत घेतलेलं हे उत्तर. केस मॅनेजरच्या फायलीत कुटुंब असतं: कुणी वाढवलं, कोण पैसे पाठवतं, कुणाचा फोन नंबर तोंडपाठ आहे. समुपदेशकाच्या नोंदीत झोप, भूक, भीती. आणि वकिलाच्या फायलीत जे प्रतिज्ञापत्र असतं, त्यात छळ असतो.

का? कारण आश्रयाचा कायदा तसा आहे. जिवाला धोका आहे एवढं त्याला पुरत नाही. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा एका विशिष्ट सामाजिक गटाचं सदस्यत्व या पाचांपैकी एका कारणामुळे तो धोका आहे हे दाखवावं लागतं. भूक यात बसत नाही. मध्य अमेरिकेत २०१२-१३ मध्ये कॉफीच्या झाडांवर तांबेरा पडला, मजुरी गेली, कर्ज वाढलं. हेही यात बसत नाही. टोळीने धमकी दिली हे बसू शकतं, पण तेव्हाच, जेव्हा धमकी 'का' दिली याचं उत्तर त्या पाच खणांपैकी एकात मांडता येतं. दुसरा एक मार्ग १९९० च्या कायद्यातून आला आहे, आईवडिलांपैकी एकाने किंवा दोघांनी टाकून दिलेल्या, दुर्लक्ष केलेल्या किंवा छळलेल्या मुलांसाठी. त्यासाठी राज्याच्या न्यायालयाचा निर्णय लागतो. तो मार्ग घेतला की प्रतिज्ञापत्रात टोळी मागे जाते आणि बाप पुढे येतो.

कुणी खोटं बोलत नाही, हे लक्षात घ्या. मूल खरंच बोलतं, वकीलही खरंच लिहितात. पण वकील तेच विचारतात जे कायदा विचारतो. मूल सांगताना आजीच्या कोंबड्यांपासून सुरू करतं, मध्येच नदीवर येतं, मग शाळेवर, मग परत कोंबड्या. (हे कुणा एका मुलाचं नाही, मुलं अशीच सांगतात, आपल्या घरातलीही.) कायद्याला तारखा हव्या असतात, क्रम हवा असतो, 'त्याआधी काय झालं, त्यानंतर काय झालं' हवं असतं. इंटर्न म्हणून माझं बरंचसं काम हेच होतं: वकिलांच्या टिपणांतून क्रमवारी लावणं, तारखा जुळतात का बघणं, त्या गावाबद्दल आणि त्या काळाबद्दल छापून आलेले अहवाल शोधून पुरावा म्हणून जोडणं. तीन बैठकांनंतर जे आठ पानी प्रतिज्ञापत्र तयार होतं, ते मुलाचंच असतं, सही त्याचीच असते, आणि तरी ते आत्मकथन नसतं. त्यात भुकेला अर्धी ओळ मिळते.

आता समजा, कुणी अशी पन्नास प्रतिज्ञापत्रं मिळवली, नावं खोडली, सॉफ्टवेअरमध्ये टाकली, कोडिंग केलं आणि निष्कर्ष काढला की मुलांच्या स्थलांतराचं मुख्य कारण हिंसा आहे आणि गरिबी दुय्यम आहे. त्याने स्थलांतर मोजलंच नाही. त्याने आश्रयाचा कायदा मोजला. उलट दुसऱ्याने सीमेवरचे पाचशे 'आय-२१३' घेतले तर तो म्हणेल, मुलं कामासाठी येतात. दोघंही आपापल्या टक्केवारीसह जर्नलमध्ये एकमेकांशी भांडत बसतील. कोर्टात हेच भांडण जास्त महाग पडतं. सरकारचा वकील सीमेवरच्या फॉर्मवरची ती एक ओळ काढून विचारतो: तेव्हा काम म्हणालास, आता टोळी म्हणतोस, खरं काय? दोन्ही खरं असू शकतं, हे सोळा वर्षांच्या मुलाने दुभाष्यामार्फत समजावायचं असतं. इमिग्रेशनचा खटला दिवाणी मानला जातो, त्यामुळे सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्कही नाही. २००८ चा कायदा 'शक्य तितकं' वकील मिळवून द्या, एवढंच म्हणतो. एका वरिष्ठ इमिग्रेशन न्यायाधीशांनी २०१५ मध्ये जबानीत सांगितलं होतं की तीन-चार वर्षांच्या मुलांनाही हा कायदा समजावता येतो. ती जबानी पुढच्या वर्षी वर्तमानपत्रांत आली आणि बरीच गाजली.

भाषेचा थर अजून बाकी आहे. फायलीवर 'भाषा: स्पॅनिश' लिहिलेलं असतं. ग्वाटेमालात २२ माया भाषा आहेत. माम, किचे, केक्ची या त्यातल्या काही. पश्चिमेच्या डोंगराळ भागातल्या मुलाला बाजारापुरती स्पॅनिश येते. 'हो', 'नाही', 'कळलं' एवढं तो नीट बोलतो, म्हणून नोंद करणारा स्पॅनिशवर खूण करतो. पुढे वकिलाच्या लक्षात येतं की मूल प्रत्येक प्रश्नाला 'हो' म्हणतंय. मग मामचा दुभाषी शोधायचा, आणि तो बहुधा फोनवरच मिळतो. पुष्कळदा त्याला इंग्रजी येत नसतं, म्हणून साखळी होते: इंग्रजी ते स्पॅनिश, स्पॅनिश ते माम आणि तसंच उलट. एका प्रश्नाला दोन-तीन मिनिटं लागतात. कुठल्या भाषेत 'जबरदस्ती' आणि 'आग्रह' यांची सीमा कुठे आहे, हे तिघांपैकी कुणाला नक्की माहीत असतं? मराठीत 'ये ना, जेवल्याशिवाय जाऊ नकोस' या वाक्याचं शपथेवर भाषांतर करून बघा.

वयाचंही तसंच. १८ वा वाढदिवस म्हणजे इथे केकचा दिवस नसतो. त्या दिवशी मूल ओआरआरच्या हातातून इमिग्रेशन पोलिसांच्या हातात जातं आणि प्रौढांच्या कोठडीत जाऊ शकतं. टेक्साससारख्या राज्यात टाकून दिलेल्या मुलांसाठीचा तो न्यायालयीन निर्णयही व्यवहारात १८ च्या आतच मिळवावा लागतो. म्हणून जन्मतारखेचा कागद सोन्यासारखा. तो नसेल किंवा संशय असेल तर बाकीच्या पुराव्यांबरोबर दातांचे आणि हाडांचे एक्स-रे येतात. कायदा सांगतो की केवळ एक्स-रेवर वय ठरवू नका. त्याला कारण आहे: हाडांवरून वय काढायला जगभर जो ग्रॉयलिक-पाइल नकाशा वापरतात, त्यातली चित्रं १९३० च्या दशकात आणि त्याच्या थोडं पुढे ओहायोतल्या क्लीव्हलंड शहराच्या सुखवस्तू गोऱ्या मुलांची आहेत. ओआरआरच्या धोरणात, व्यक्ती १८ किंवा जास्त वर्षांची असण्याची शक्यता ७५ टक्के किंवा त्याहून अधिक निघावी लागते. संख्याशास्त्र शिकलेल्यांनी यावर एक अख्खा पेपर लिहावा असा हा विषय आहे, आणि त्यासाठी एकाही मुलाला त्रास द्यावा लागणार नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येते. इतके जण विचारून गेल्यावर संशोधक दहावा किंवा अकरावा विचारणारा असतो. त्याची फाइल कुठे जाणार, हे मुलाला कसं कळणार? ही भीती काल्पनिक नाही. २०२० मध्ये वॉशिंग्टन पोस्टने छापलं की शेल्टरमधल्या समुपदेशकाजवळ एका मुलाने विश्वासाने सांगितलेल्या गोष्टींच्या नोंदी इमिग्रेशन यंत्रणेकडे पोचल्या आणि कोर्टात त्याच्याच विरुद्ध वापरल्या गेल्या. त्याच्या दोन वर्षं आधी, २०१८ मध्ये, ओआरआर आणि इमिग्रेशन पोलीस यांच्यात माहिती देण्याघेण्याचा करार झाला होता. मुलांना घ्यायला पुढे आलेल्या नातेवाइकांचे बोटांचे ठसे त्यातून पोलिसांकडे गेले, काहींना अटक झाली, आणि बाकीचे पुढे यायला घाबरू लागले. करार २०२१ मध्ये रद्द झाला. पण 'काका कुठे राहतो?' हा प्रश्न त्यानंतर कुणाही मुलाला साधा वाटेल का?

कायदेशीर टीमची गोष्ट वेगळी असते, कारण वकील आणि अशील यांच्यातलं बोलणं कायद्याने सुरक्षित आहे आणि इंटर्न त्या सुरक्षेच्या आत बसते. मूल माझ्यासमोर बोलतं ते याच भरवशावर. तीच वही मी पुढे प्रबंधासाठी उघडली तर त्या भिंतीला भोक पडतं. म्हणून माझ्या लेखी, संमतिपत्रावर सही घेऊन हा प्रश्न सुटत नाही. ज्या टीमवर तुमचं कोर्टातलं भवितव्य अवलंबून आहे, तिच्यातल्या ताईने विचारलं तर कोण 'नाही' म्हणेल?

नियमही बघून ठेवा. अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या एथिक्स कमिटीला आयआरबी म्हणतात. मुलांवरच्या संशोधनासाठी केंद्र सरकारच्या नियमांत वेगळा भाग आहे, आणि त्यात राज्याच्या किंवा एखाद्या संस्थेच्या ताब्यात असलेल्या मुलांसाठी आणखी कडक कलम आहे. धोका किरकोळपेक्षा जास्त असेल आणि मुलाला थेट फायदा नसेल, तर संशोधन त्या मुलांच्या त्या स्थितीशीच संबंधित असावं लागतं, किंवा अशा जागी व्हावं लागतं जिथे सहभागी मुलांपैकी बहुसंख्य तशी नाहीत. शिवाय प्रत्येक मुलासाठी, संशोधनाशी संबंध नसलेली एक हितरक्षक व्यक्ती नेमावी लागते. एका पीएचडीच्या विद्यार्थिनीला हे जमणं अवघड आहे, आणि अवघड असावं हाच त्यामागचा हेतू आहे.

यावर एक खरा आक्षेप आहे, आणि तो मला अजूनही टोचतो. बालपणाच्या अभ्यासात गेली तीसेक वर्षं आग्रह आहे की मुलांबद्दल मोठ्यांना विचारू नका, मुलांनाच विचारा. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं १२ वं कलम मुलाचं मत ऐकून घेण्याबद्दलच आहे. (अमेरिकेने १९९५ मध्ये सही केली, पण करार मंजूर केलेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सदस्यांत असा हा एकच देश.) मग मुलांना न विचारता त्यांच्यावर प्रबंध लिहिणं म्हणजे त्यांना पुन्हा गप्प करणं नाही का? शिवाय फेब्रुवारी २०२३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने २० राज्यांतल्या शंभराहून अधिक स्थलांतरित बालकामगारांशी बोलून दाखवलं की नातेवाइकांकडे सोडलेली मुलं रात्रपाळीत कारखान्यांत राबत आहेत. मुलांशी बोलल्याशिवाय ते बाहेर आलं नसतं.

आक्षेप बरोबर आहे. पण फरक बघा. ती पत्रकार पत्रकार म्हणूनच मुलांसमोर गेली. मुलाला घर, वकील किंवा औषध मिळणं तिच्या हातात नव्हतं, आणि तिला दार बंद करून घालवून देणं मुलाला शक्य होतं. मदत करणाऱ्याच्या खुर्चीत बसून, त्याच खुर्चीतून संशोधकाचे प्रश्न विचारणं ही वेगळी गोष्ट आहे. मुलांचं ऐकावं, हे मला मान्य आहे. माझा मुद्दा खुर्चीबद्दल आहे.

मग मी काय केलं? प्रबंधाचा प्रश्नच बदलला. 'मुलं का येतात' हा प्रश्न सोडला आणि 'मुलाची गोष्ट फायलीत कशी घडते' हा घेतला. त्यासाठी लागणारं बरंचसं साहित्य उघड्यावर पडलेलं आहे. ओआरआरची धोरणपुस्तिका इंटरनेटवर आहे, तिच्या दुरुस्त्यांसकट. कोरे फॉर्म मिळतात. फ्लोरेस खटल्याची हजारो पानं सार्वजनिक आहेत. माहितीच्या अधिकारासारखा कायदा इथेही आहे, फक्त उत्तराला महिने लागतात. इंटर्नशिप संपल्यावर सहा महिन्यांनी, आयआरबीची परवानगी घेऊन, दुसऱ्या शहरांतल्या वकिलांच्या, केस मॅनेजरच्या आणि दुभाष्यांच्या मुलाखती घेतल्या. मोठी माणसं, आपल्या कामाबद्दल बोलणारी, नकार देऊ शकणारी. माम दुभाष्यांनी जे सांगितलं त्यावर माझं एक अख्खं प्रकरण उभं आहे. लहानपणी एकटे आलेले आणि आता पंचविशी ओलांडलेले लोक हा पुढचा टप्पा असेल. त्यांना स्वतःची गोष्ट स्वतःच्या क्रमाने सांगता येते, कोंबड्यांसकट.

इंटर्नशिपमधलं काहीच वापरलं नाही का? वापरलं, पण ते प्रबंधात उद्धृत होत नाही. कुठला प्रश्न विचारायचा, कुठला कागद मागायचा, कुठल्या रकान्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे सगळं तिथे शिकले. मी दोन वह्या ठेवल्या होत्या. कामाची वही संस्थेची, ती शेवटच्या दिवशी परत केली. माझ्या वहीत फक्त कामाच्या पद्धतीबद्दलचे प्रश्न होते, आणि ती वही दर शुक्रवारी सुपरवायझर मॅडमना दाखवायची असं पहिल्याच आठवड्यात ठरवलं होतं. त्यांनी एकदा एक ओळ खोडायला सांगितली. त्यात कुणाचं नाव नव्हतं, पण गावाचा उल्लेख होता, आणि त्या गावातून त्या वर्षी फार थोडी मुलं आली होती.

हे सगळं अमेरिकेतलं झालं. पण तुमच्यातले काही जण कल्याण, दादर किंवा पुणे स्टेशनवर सापडणाऱ्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांत जाणार आहेत हे मला माहीत आहे. तिथेही हाच रस्ता थोड्या वेगळ्या नावांनी आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे मुलाला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं, सामाजिक तपासणी अहवाल तयार होतो, वयाचा वाद झाला तर आधी शाळेचा दाखला, मग जन्मदाखला आणि ते नसतील तरच हाडांची चाचणी. कलम ७४ नुसार मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. त्या अहवालात 'घरातून पळून आला' असं लिहिलेलं असेल, तर ते वाक्य कुणी, कुठल्या प्रश्नाला उत्तर म्हणून आणि कुठल्या भाषेतून लिहिलं, हे विचारा. बिहारमधल्या मुलाची मैथिली 'हिंदी' म्हणून नोंदवली जाते तेव्हा माममधलं काहीतरी तिथेही घडतंच.

आता अर्ज करणाऱ्यांसाठी कामाच्या गोष्टी. मुलांशी संबंधित जागेसाठी पार्श्वभूमीची तपासणी होते, बोटांचे ठसे लागतात, आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत भारतातून पोलिसांचा दाखला मागितला जाऊ शकतो. तो यायला वेळ लागतो, म्हणून आधी काढून ठेवा. स्पॅनिश येत असेल तर काम जास्त मिळतं. भारतातून, विशेषतः गुजरात आणि पंजाबमधून, आलेली मुलंही असतात, पण आपल्याला हिंदी-गुजराती येते म्हणून दुभाष्याच्या खुर्चीत बसू नका. त्याचं वेगळं प्रशिक्षण असतं. मुलाखतीतच स्पष्ट सांगा की तुम्ही या विषयावर संशोधन करता, आणि संस्थेचं त्याबद्दल काय धोरण आहे ते लेखी मागा. आणि पैसा कुठून येतो ते विचारा. मार्च २०२५ मध्ये सरकारने या मुलांच्या वकिलीसाठीचा मोठा करार थांबवला, सुमारे २६,००० मुलांच्या केसेस त्यात होत्या. एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यायालयाने तो निर्णय तात्पुरता रोखला, पण तोवर अनेक टीमनी माणसं कमी केली होती. सरकारी निधीवरची जागा असेल तर दुसरा एखादा पर्यायही तयार ठेवा.